पोटखराब आणि प्रशिक्षण : साधनसंपत्तीचे मोजमाप शिकविणाऱ्या वर्गांचा इतिहास

१

पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यमापन आणि नैसर्गिक साधनसंपत्तीचे शाश्वत व्यवस्थापन या विषयांचे अल्पमुदतीचे प्रशिक्षणवर्ग आज देशात ठिकठिकाणी भरतात. सरकारी अधिकारी, अभियंते, खाण व कारखाने यांचे व्यवस्थापक, सल्लागार आणि नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी अशा वर्गांस येतात. पाच दिवसांत किंवा फार तर दोन-तीन आठवड्यांत कायदा, कार्यपद्धती, हवा-पाण्याचे नमुने, परिणामांचे कोष्टक आणि अहवालाची मांडणी इतका ऐवज त्यांच्या पदरी पडतो. हे वर्ग म्हणजे गेल्या चार-पाच दशकांतील नवी उपज होय, असा सर्वसाधारण समज आहे. कायद्यापुरते पाहिल्यास तो खरा आहे. परंतु भूमी, जल आणि वन यांचे मोजमाप कसे करावे हे राज्यसंस्थेने आपल्या सेवकांस पद्धतशीर शिकविण्याची प्रथा पश्चिम हिंदुस्थानात जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. तो जुना इतिहास विचारात घेतल्यावाचून आजच्या वर्गांचे बळ व त्यांची मर्यादा या दोन्ही गोष्टींचा उलगडा व्हावयाचा नाही.

या इतिहासात एक क्रम पुन्हा पुन्हा दृष्टीस पडतो. मोजमापाची प्रत्येक पद्धती स्वतःची एक चौकट घेऊन येते. त्या चौकटीत जे बसत नाही ते हिशेबाबाहेर राहते. हिशेबाबाहेर राहिलेले काही काळाने तक्रार, सत्याग्रह वा आपत्ती या रूपाने पुढे येते. आणि मग पुढील पिढीच्या शिक्षणक्रमात त्याला एक स्वतंत्र रकाना मिळतो. शिक्षणक्रमातील बहुतेक महत्त्वाचे विषय वर्गात जन्मलेले नाहीत. ते वर्गाबाहेर झगडून आत आलेले आहेत. प्रस्तुत निबंधात या क्रमाचे काही टप्पे तपासून त्यांवरून आजच्या प्रशिक्षणाविषयी कोणता निष्कर्ष निघतो हे पाहावयाचे आहे.

२

पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा जमीनमहसूल ठरविणे हा कंपनी सरकारपुढील पहिला प्रश्न होता. १८२७ नंतर प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात केलेली पाहणी रिकार्डोप्रणीत खंडविषयक सिद्धान्तावर आधारलेली होती. प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर आकार बसवावयाचा, अशी ती योजना होती. तत्त्व तर्कशुद्ध होते. परंतु ते अंमलात आणणारी माणसे आणि त्यांनी गोळा केलेले आकडे यांवर विसंबण्यासारखी स्थिती नव्हती. आकार जड झाला, रयतेने जमिनी टाकून दिल्या आणि पाहणी फसली. १८३० नंतरच्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून नवी पाहणी सुरू केली, ती या अपयशाच्या पायावर. तिचे नियम पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात ग्रथित झाले.

या नव्या पद्धतीचे मर्म असे की, सिद्धान्ताची जागा तीत सरावाने घेतली. उत्पन्नाचा अवघड हिशेब सोडून देऊन जमिनीचा रंग, पोत व खोली यांवरून प्रत ठरवावयाची असे ठरले. प्रतबंदी करणारा कारकून शेताचा कागदावर नकाशा काढी, त्याचे चौकोनी भाग पाडी, प्रत्येक भागात माती उकरून खोली पाही, आणि नऊ प्रतींपैकी कोणत्या प्रतीत तो भाग बसतो ते त्या चौकोनात लिही. मुरूम, वाळू, उतार, पाणथळपणा अशा दोषांच्या खुणा ठरलेल्या असत. दोष जितके, तितकी प्रत खाली जाई. कारकुनाने केलेल्या कामापैकी काही शेते वरिष्ठ अधिकारी स्वतः पुन्हा तपासून पाहत. मोजणी व प्रतबंदी करणाऱ्या या सेवकवर्गाचे शिक्षण शाळेत झाले नाही. ते शेतात उभे राहून, खुणा पाठ करून आणि तपासणीत चुका उघड होऊन झाले. तथापि ठरावीक निकष, ठरावीक चौकोन आणि ठरावीक तपासणी ही आधुनिक प्रशिक्षणाची तिन्ही अंगे येथे आढळतात.

या पद्धतीने जमीनमहसुलाच्या कारभारास स्थैर्य आणले, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु तिची चौकट महसुलाची होती. ज्या जमिनीवर आकार बसत नाही ती ‘पोटखराब’ या सदरात टाकून मोजणीदार पुढे जाई. ओढा, खडक, कातळ, पायवाट, खळ्याची जागा, गुरांची बसावयाची जागा ही सर्व त्या एका शब्दात सामावली. ‘सरकारी उत्पन्नाच्या दृष्टीने निरुपयोगी’ एवढाच मूळ अर्थ असलेला तो शब्द हळूहळू ‘कशाच्याच कामाची नाही’ असा अर्थ धारण करू लागला. सातबाराच्या उताऱ्यावर तो आजही टिकून आहे, आणि त्याचे परिणाम पुढे दिसून येतील.

३

याच सुमारास वनांचा प्रश्न पुढे आला. दापोडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन हा १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. पेशाने शल्यचिकित्सक असलेल्या या अधिकाऱ्याने कोकण व सह्याद्री पायी पालथे घातले होते, आणि डोंगर उघडे पडणे व झरे आटणे यांचा संबंध त्याने आपल्या लेखनात मांडला होता. ब्रिटिश असोसिएशनच्या १८५१ च्या अधिवेशनात उष्ण कटिबंधातील वनांच्या नाशाचे आर्थिक व भौतिक परिणाम या विषयावर क्लेगहॉर्न आणि त्याचे सहकारी यांचा अहवाल सादर झाला. मनुष्याच्या एखाद्या कृतीचे निसर्गावर होणारे परिणाम शास्त्रीय पुराव्याने तपासावयाचे आणि ते शासनापुढे ठेवावयाचे, ही कल्पना हिंदुस्थानाच्या संदर्भात इतकी जुनी आहे.

परंतु कल्पना असणे आणि ती शिकविणारी संस्था असणे यांत अंतर असते. १८६४ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिच ब्रँडिस हा हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. प्रशिक्षित मनुष्यबळ येथे नव्हतेच. यास्तव वरिष्ठ जागांसाठी निवडलेल्या इंग्रज उमेदवारांस फ्रान्समधील नान्सी येथील वनविद्यालयात व जर्मनीत पाठविण्याची व्यवस्था झाली. १८७८ मध्ये डेहराडून येथे रेंजर व तत्सम अधिकाऱ्यांसाठी वनशाळा निघाली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्येही वनविषयक वर्ग चालत असे.

या शिक्षणाचा गाभा ‘चिरस्थायी उत्पन्न’ हा होता. आज ‘शाश्वत’ या विशेषणाने जी कल्पना व्यक्त होते तिचे मूळ येथेच आहे. १७१३ मध्ये सॅक्सनीतील खाण-अधिकारी कार्लोवित्स याने आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला होता : जितके वाढते तितकेच तोडावे. त्यामागील गणित सोपे आहे. एखाद्या झाडाला तोडणीयोग्य होण्यास चाळीस वर्षे लागत असतील आणि वन आठशे एकरांचे असेल, तर दरवर्षी वीस एकरांचा एक कूप तोडावा. चाळीस वर्षांनी अखेरचा कूप तुटेल तेव्हा पहिला पुन्हा उभा राहिलेला असेल. या हिशेबावर कार्य-आयोजना तयार होई. डेहराडूनच्या शिक्षणात वर्गातील पाठांइतकेच वनातील भ्रमणास महत्त्व होते. विद्यार्थ्याने झाडे मोजावीत, वाढ पाहावी, सीमा आखावी, असा परिपाठ होता. अवधीच्या व परिश्रमाच्या दृष्टीने आजच्या अल्पमुदती वर्गांची या शिक्षणाशी तुलनाच होऊ शकत नाही.

तरीही त्याची एक चौकट होती, आणि ती इमारती लाकडाची होती. तिची परीक्षा झाली ती ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील राबावरून. कोकणात भाताचे रोप टाकण्यापूर्वी वाफ्यावर झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर पसरून ते जाळण्याची रीत आहे. त्यासाठी लागणारा टहाळ शेतकरी वर्कस जमिनीतून आणि डोंगरावरून आणीत. वनविद्येच्या दृष्टीने फांद्या छाटलेले झाड म्हणजे बिघडलेले झाड होय. भातशेतीच्या दृष्टीने टहाळावाचून रोप नाही व रोपावाचून शेत नाही. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव वनांच्या सीमा जसजशा आखल्या गेल्या तसतसा हा विरोध तीव्र झाला. जोतीराव फुले यांच्या १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने चराईची राने हिरावून घेतल्याची तक्रार आहे, ती याच काळातील. अखेर सरकारने १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबाचा प्रश्न त्याच्या चौकशीच्या केंद्रस्थानी होता.

यानंतरची घटना विशेष उद्बोधक आहे. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याने राबावर प्रयोग केले. कृषिरसायनज्ञ व्होएल्कर याने १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानची पाहणी करून १८९३ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात राबाची चर्चा आहे आणि वनखात्याने शेतीच्या सर्पण-चाऱ्याच्या गरजा भागवाव्यात असा आग्रह आहे. १८९४ च्या वनधोरणविषयक ठरावास या अहवालाची पार्श्वभूमी आहे. ज्या गोष्टीकडे प्रथम अडाणी चाल म्हणून पाहिले गेले, ती दहा वर्षांच्या तंट्यानंतर प्रयोगशाळेत तपासण्याचा विषय झाली. शेतकऱ्याचे ज्ञान शिक्षणक्रमात आले खरे. पण शेतकरी शिक्षक म्हणून आला नाही. वनखाते आणि गाव यांतील तेढही मिटली नाही. १९३० मध्ये पुसद, संगमनेर, बागलाण, बिळाशी आणि चिरनेर या ठिकाणी झालेल्या जंगल सत्याग्रहांत तिचाच उद्रेक झाला.

४

स्वातंत्र्योत्तर काळात ‘प्रकल्प’ हा विकासाचा मुख्य घटक बनला, आणि त्याबरोबर अल्पमुदती प्रशिक्षणवर्ग ही नवी संस्थाही उदयास आली. १९५५ मध्ये जागतिक बँकेने विकसनशील देशांतील वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी आर्थिक विकास संस्था स्थापिली. तेथील आरंभीचे वर्ग सहा महिन्यांचे असत. पुढे वर्ग आखूड होत गेले. भारतात १९५६ मध्ये हैदराबादेस प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय सुरू झाले. सेवेत असलेल्या अधिकाऱ्यास कामावरून फार काळ दूर ठेवता येत नाही, म्हणून त्याला आवश्यक तेवढेच तंत्र थोडक्या वेळात शिकवावे, हे या वर्गांचे समर्थन होय. त्यातील गृहीतक मात्र नीट लक्षात घेतले पाहिजे. तंत्र हे स्थळापासून वेगळे काढता येते, आणि ते अवगत झालेला मनुष्य कोणत्याही स्थळी ते लावू शकतो, असे हे गृहीतक आहे. डेहराडूनचा विद्यार्थी वनात हिंडून शिके. या वर्गातील विद्यार्थी सभागृहात बसून शिकू लागला.

या काळात प्रकल्पाची चौकट लाभ-व्ययाची होती. धरण किती पाणी अडवील, किती भूमी भिजवील, किती वीज देईल, आणि त्यास खर्च किती येईल, एवढा तो ताळा असे. विस्थापितांचा प्रश्न मुळशी सत्याग्रहापासून (१९२१–२४) महाराष्ट्रापुढे होता. परंतु ताळेबंदात तो भूसंपादनाच्या रकमेपुरताच येई. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला, म्हणजे मुळशीनंतर अर्धशतकाने.

चौकटीबाहेरचे केवळ समाजातच असते असे नाही, ते भूगर्भातही असते. कोयना धरणात १९६० च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले, आणि त्यानंतर परिसरात भूकंपाचे लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या मोठ्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे १८० माणसे मृत्यू पावली. जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचे कोयना हे आता जगभर अभ्यासिले जाणारे उदाहरण आहे. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे ही त्या वेळची रूढ समजूत होती; त्यामुळे हा परिणाम कोणत्याही रकान्यात नव्हता. आज मोठ्या धरणाच्या परिणाम-अभ्यासात भूकंपप्रवणतेचे प्रकरण असते. त्याची किंमत कोयना खोऱ्याने मोजलेली आहे.

५

अमेरिकेचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० पासून अंमलात आला. मोठ्या संघीय कार्यापूर्वी त्याच्या पर्यावरणीय परिणामांचे निवेदन तयार करणे त्याने बंधनकारक केले. निवेदन कसे लिहावे हे कोणासच ठाऊक नव्हते. १९७१ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील ल्यूना लिओपोल्ड व त्याचे सहकारी यांनी एक कोष्टक प्रसिद्ध केले. आडव्या बाजूस प्रकल्पातील १०० कृती आणि उभ्या बाजूस पर्यावरणाचे ८८ घटक अशी त्याची रचना होती. त्यातून ८,८०० घरे तयार होत. जेथे कृतीचा घटकावर परिणाम संभवतो त्या घरात तिरकी रेघ मारावयाची आणि रेघेच्या एका अंगास परिणामाची तीव्रता, दुसऱ्या अंगास त्याचे महत्त्व एक ते दहा या अंकांत लिहावयाचे.

विंगेटच्या प्रतबंदीची आठवण करून देणारे हे साम्य केवळ बाह्य नव्हे. दोन्ही पद्धतींत गुंतागुंतीची वस्तू घरांत विभागली जाते, प्रत्येक घराला अंक मिळतो आणि त्यामुळे दूर बसलेल्या अधिकाऱ्यास निर्णय घेता येतो. दोन्ही शिकविण्यास सोप्या आहेत. लिओपोल्डचे कोष्टक व त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या प्रशिक्षणवर्गांत इतक्या रूढ झाल्या त्याचे कारण हेच होय; एका दुपारच्या सत्रात ते भरावयास शिकता येते. परंतु एक भेदही आहे. प्रतबंदीचा अंक माती उकरून येई आणि वरिष्ठ तो पुन्हा उकरून तपासू शके. कोष्टकातील ‘महत्त्वा’चा अंक हा भरणाऱ्याच्या बुद्धीतून येतो, आणि ते महत्त्व कोणाच्या दृष्टीने, या प्रश्नास कोष्टकात घर नाही.

हे तंत्र भारतात पोहोचण्यास वेळ लागला नाही. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेस इंदिरा गांधी उपस्थित राहिल्या. त्याच वर्षी पर्यावरण नियोजन व समन्वयाची राष्ट्रीय समिती नेमली गेली. १९७६-७७ मध्ये नियोजन आयोगाने नदीखोऱ्यांतील प्रकल्प पर्यावरणाच्या दृष्टीने तपासण्याचे काम विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे सोपविले. १९८० मध्ये केंद्रात स्वतंत्र पर्यावरण विभाग झाला. परदेशी शिक्षणाची सोयही निर्माण झाली. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठातील केंद्रात १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने विकसनशील देशांतील अधिकाऱ्यांसाठी वर्ग होत. महाराष्ट्रात नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, जी १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन होऊन १९७४ मध्ये नव्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि औरंगाबाद येथे १९८० मध्ये निघालेली जल व भूमी व्यवस्थापन संस्था यांनी या क्षेत्रातील संशोधन व प्रशिक्षण यांचा पाया घातला.

६

तंत्र आले, पण त्याचा उपयोग कसा होतो हे दोन प्रकरणांनी दाखविले. केरळातील सायलेंट व्हॅली प्रकल्पाची छाननी करण्यासाठी १९७६ मध्ये जफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखाली कृतिगट नेमला गेला. प्रकल्प सोडून द्यावा अशी त्याची शिफारस होती. परंतु तो करावयाचाच झाल्यास कोणती दक्षता घ्यावी याच्या अटीही त्याने सुचविल्या. राज्यशासनाने अटी उचलल्या आणि मूळ शिफारस बाजूस ठेवली. मूल्यमापनाचे अटींच्या यादीत रूपांतर होते, हा अनुभव भारतास इतक्या आरंभीच आला. पुढे केरळ शास्त्र साहित्य परिषदेने जीवशास्त्र, अभियांत्रिकी व अर्थशास्त्र यांची सांगड घालून स्वतंत्र अभ्यास केला, वाद देशभर गाजला, १९८३ मध्ये प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये ते वन राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

दुसरे प्रकरण सरदार सरोवराचे. महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे त्याच्या बुडीत क्षेत्रात येत होती. १९८७ मध्ये प्रकल्पास सशर्त पर्यावरणीय मंजुरी मिळाली. आवश्यक अभ्यास अपुरे होते आणि ते बांधकामाबरोबरीने पूर्ण करावयाचे होते. परिणाम आधी जाणून मग निर्णय घ्यावयाचा, या तत्त्वाचा क्रमच येथे उलटला. आदिवासी गावांच्या आणि नर्मदा बचाव आंदोलनाच्या दीर्घ लढ्यानंतर जागतिक बँकेने मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समीक्षा करविली. तिचा जून १९९२ मधील अहवाल पुनर्वसन व पर्यावरण या दोन्ही बाबतींत प्रतिकूल होता. मार्च १९९३ मध्ये भारताने कर्जाचा उर्वरित भाग सोडून दिला. धरण पुढे पूर्ण झाले. परंतु पुनर्वसन आणि लोकमत हे विषय यानंतर कोणत्याही प्रशिक्षणवर्गास टाळता आले नाहीत.

२७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांस परिणाम-मूल्यमापन कायद्याने आवश्यक झाले. १९९७ मध्ये जनसुनावणी बंधनकारक झाली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने छाननी, व्याप्तिनिश्चिती, लोकांशी विचारविनिमय व मूल्यनिर्णय असे चार टप्पे घालून दिले. अहवाल तयार करणाऱ्या सल्लागारांस अधिस्वीकृतीची अट आली आणि प्रशिक्षणास बाजारमूल्य प्राप्त झाले. येथे एक गोष्ट स्पष्ट नोंदविली पाहिजे. अहवाल तयार करणारा सल्लागार प्रकल्पधारक निवडतो आणि त्याचे शुल्कही तोच देतो. प्रतबंदीचा कारकून सरकारचा चाकर होता, वनाधिकारी खात्याचा होता. नव्या मोजणीदाराचा धनी ज्याचे मोजमाप करावयाचे तोच आहे. वर्गातील शिक्षण कितीही उत्तम असले तरी या रचनेतील दोष त्याने भरून निघत नाही.

७

चौकटीबाहेर आज काय राहते, याचे उत्तर कोकणातील सड्यांवर मिळते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्या दगडाचे हे विस्तीर्ण कातळ फेब्रुवारी ते मे या काळात पाहणाऱ्यास काळे, तापलेले आणि उजाड दिसतात. महसुली दप्तरात त्यांचा पुष्कळसा भाग पोटखराब वा पडीक आहे. परंतु पावसाळा सुरू होताच त्याच कातळावर गेंद, सीतेची आसवे, तेरडा अशा अल्पायुषी वनस्पतींचे थर एकामागून एक येऊन जातात, खळग्यांत पाणी साठते, ते भेगांतून मुरते आणि उताराखालच्या वाड्यांतील झऱ्यांना व विहिरींना मिळते, गुरे चरतात, मातीच्या लहान पट्ट्यांत भात-नाचणी होते. साताऱ्याजवळील कासचे पठार याच जातीचे असून २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात त्याचा समावेश झाला.

परिणाम-मूल्यमापनाच्या रूढ पद्धतीत आधारभूत माहिती पुष्कळ प्रकल्पांसाठी पावसाळा वगळून एका ऋतूत गोळा केली जाते. १९९४ च्या अधिसूचनेच्या काळात ‘शीघ्र’ अभ्यासाची हीच व्याख्या होती. खाणींसारख्या प्रकल्पांबाबत ती पुढेही चालू राहिली. या नियमामागे कारण आहे. हवेतील धूळ पावसाने धुऊन जाते; प्रदूषणाची खरी पातळी कोरड्या ऋतूतच कळते. म्हणजे नियम धुळीच्या मोजमापासाठी योग्य आहे. पण तोच नियम वनस्पती, झरे व शेती यांस लावला की कोकणातील सडा अहवालात निर्जीव होतो. येथे कोणी खोटे लिहीत नाही. तीन महिन्यांच्या पाहणीत दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले, तरी ते असत्य ठरते. विंगेटच्या काळात जो कातळ आकाराच्या चौकटीतून निसटला, तो दीडशे वर्षांनी ऋतूच्या चौकटीतून पुन्हा निसटतो. सड्यावर केव्हा जावे, हे वाडीतील गुराख्यास ठाऊक असते. पण गुराख्यास विचारावे हे अहवालाच्या नमुन्यात नाही.

विचारण्याचा अधिकृत प्रसंग म्हणजे जनसुनावणी. तेथे भाषेचा अडसर उभा राहतो. नियमाप्रमाणे अहवालाचा सारांश राज्याच्या भाषेत द्यावा लागतो. शेकडो पृष्ठांचा मूळ अहवाल मात्र इंग्रजीत असतो. सारांशात निष्कर्ष असतात, आणि ते कशावरून काढले हे मूळात असते. ज्याला सड्याची माहिती आहे त्याला सड्यावरचे प्रकरण वाचता येत नाही, आणि ज्याला ते वाचता येते त्याने पावसाळ्यातील सडा पाहिलेला नसतो. २०२० मध्ये केंद्र शासनाने नव्या अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करावा असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयास ३० जून २०२० रोजी द्यावा लागला, यावरून हा प्रश्न केवळ गावपातळीचा नाही हे ध्यानी येईल. मराठीत या विषयाची परिभाषा अद्याप स्थिरावलेली नाही, आणि ती स्थिरावेपर्यंत प्रशिक्षणवर्ग हे इंग्रजी जाणणाऱ्यांचेच राहणार, हे विद्यापीठीय विभागांनी मनावर घेण्यासारखे आहे.

८

या इतिहासाच्या उलट बाजूसही काही नोंदी आहेत. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत पाण्याची वाटणी शेतकऱ्यांची पंचायत पाहत असे. पाटकरी, जागल्या, हवालदार हे तिचे सेवक. त्यांचे शिक्षण कोणत्याही वर्गात झाले नाही. पण कोणत्या फडास केव्हा व किती पाणी, याचे व्यवस्थापन पिढ्यान्‌पिढ्या चालले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगटांच्या मार्गाने आपल्या वनाचे ज्ञान व कायद्याचे ज्ञान एकत्र आणले. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये १,८०० हेक्टरांच्या आसपास वनावर त्या गावास सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक-परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. चिरस्थायी उत्पन्नाचे जे गणित डेहराडूनला अधिकाऱ्यास शिकविले गेले, ते येथे ग्रामसभा करू लागली. २०१६ पासून पानी फाउंडेशनने जलसंधारणाच्या स्पर्धेनिमित्त ग्रामस्थांसाठी घेतलेले काही दिवसांचे वर्गही याच बाजूचे होत. तेही अल्पमुदतीचेच; परंतु शिकणारा परत जातो तो आपल्याच शिवारात, आणि शिकलेले चुकले तर पुढल्या उन्हाळ्यात त्याच्याच विहिरीवर ते उघडे पडते.

तेव्हा दोष अवधीत आहे असे एकदम म्हणता येत नाही. दोन वर्षांचे सखोल शिक्षण घेतलेल्या वनाधिकाऱ्यास राब दिसला नाही, आणि चार दिवसांच्या वर्गास आलेल्या शेतकऱ्यास पाणलोट समजला. फरक पडतो तो दोन गोष्टींनी. शिकणारा मनुष्य मोजलेल्या भूमीला उत्तरदायी आहे की नाही, ही पहिली. चौकटीबाहेर काय राहिले हे विचारण्याची सवय शिक्षणाने लावली की नाही, ही दुसरी. आजचे वर्ग कोष्टक भरावयास शिकवितात. कोष्टकात जे घरच नाही ते शोधावयास शिकवीत नाहीत. पहिल्या उणिवेवरील उपाय कायद्याच्या हाती आहे, कारण सल्लागाराचा धनी बदलणे हे शिक्षकाचे काम नव्हे. दुसरीवरील उपाय मात्र शिक्षणसंस्थांच्या आवाक्यातील आहे. वर्गातील एक सत्र सभागृहाबाहेर, योग्य ऋतूत, आणि त्या भूमीवर वावरणाऱ्या माणसास शिक्षकाच्या जागी बसवून घेणे यास फारसा खर्च लागत नाही.

राब, विस्थापित, भूकंप, जनमत या साऱ्यांना शिक्षणक्रमात प्रवेश मिळाला, पण प्रत्येक वेळी नुकसान होऊन गेल्यावर. परिणाम आधी जाणून घेणे हे ज्या विद्येचे ब्रीद आहे, तिचा स्वतःचा इतिहास मात्र परिणाम भोगून शिकण्याचा आहे. सड्याच्या बाबतीत हा क्रम उलटवता येतो किंवा नाही, हा प्रश्न अद्याप निकालात निघालेला नाही. आणि कातळावरची फुले पुढील श्रावणातही येतील, अशी ग्वाही कोणत्याही अहवालातील रकाना देऊ शकत नाही.